घोट्याच्या कार्टिलेजला मार लागलाय: स्टिरॉइड, जेल, पीआरपी की स्टेम सेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाय मुरगळून महिने झाले, दुखणं जात नाही, शेवटी एमआरआय काढला आणि त्यात टॅलसच्या कार्टिलेजला इजा असं काहीतरी लिहून आलं, आता एक डॉक्टर म्हणतात पीआरपी (तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग सांध्यात देणं) करू, दुसरे म्हणतात जेल (सांध्यातलं वंगण) भरू, आणि घरातले म्हणतात स्टिरॉइड तर अजिबात नको. अशा लोकांसाठी हे लिहिलंय. मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. इंजेक्शन मी देत नाही, ते ऑर्थोपेडिक डॉक्टर देतात, पण देण्याआधी आणि दिल्यानंतर दोन्ही वेळा पेशंट माझ्याकडं येऊन बसतात आणि डॉक्टरांना विचारायचे राहिलेले प्रश्न मला विचारतात, तेच इथं एकत्र केलेत. निर्णय तुमच्या डॉक्टरांनी तुमचा पाय आणि तुमचा एमआरआय बघूनच घ्यायचाय, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे तरी माहीत असावं.

रिपोर्टमध्ये टॅलस टॅलस लिहिलंय, ते काय आहे?

टॅलस म्हणजे घोट्याच्या आतलं हाड. वर नडगीचं हाड आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, खाली टाचेचं हाड, आणि या सगळ्यांच्या मधोमध हे बसलेलं असतं. शरीराचं सगळं वजन याच्यावरून पावलात उतरतं. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा साधारण ६० टक्के पृष्ठभाग कार्टिलेजनं म्हणजे कूर्चेनं झाकलेला असतो, आपले पेशंट याला गादी म्हणतात, मीही पुढं कुठंकुठं गादीच म्हणेन. सगळीकडं गादीच असल्यामुळं रक्तवाहिन्या आत शिरायला जागा थोडीच उरते, म्हणून या हाडाची इजा भरून यायला वेळ लागतो.

घोट्यातली ही गादी पातळ असते, साधारण १ ते दीड मिलिमीटर. गुडघ्यात काही ठिकाणी ती ५ मिलिमीटरपर्यंत असते. आणि या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, नसाही नसतात, म्हणजे ती फाटली तरी तिला दुखत नाही आणि तिची ती भरूनही येत नाही. मग दुखतं कशामुळं? तर खालच्या हाडामुळं. गादीला चीर पडली की चालताना सांध्यातलं पाणी दाबानं त्या चिरेतून खालच्या हाडात घुसतं, हाडाला सूज येते, पुढं पुढं तिथं पोकळी म्हणजे सिस्ट तयार होते. पेशंट म्हणतो आत खोल कुठंतरी ठणकतंय, बोट ठेवून दाखवता येत नाही. ते हेच.

मला फक्त मुरगळलं होतं. एक्स-रे तर नॉर्मल आला होता.

हो, बहुतेकांची गोष्ट हीच असते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पाय वाकडा पडला, कारखान्यातली पायरी चुकली, पार्क मैदानावर भरतीची तयारी करताना खड्ड्यात पाय गेला. पाऊल आत वळतं तेव्हा टॅलस वरच्या हाडांवर आपटतो नाहीतर घासतो आणि गादीचा, कधीकधी खालच्या हाडासकट, टवका उडतो. साध्या एक्स-रेत या बऱ्याच इजा दिसतच नाहीत. म्हणून क्रेप बँडेज बांधून, शेकून, सहा आठवडे उलटूनही खोल दुखणं राहिलं असेल, चालल्यावर संध्याकाळी घोटा सुजत असेल, मधेच अडकल्यासारखं होत असेल किंवा पाय अचानक दगा देत असेल तर एमआरआयबद्दल विचारा. हाडातली पोकळी नीट मोजायची असेल तर डॉक्टर सीटी स्कॅनही सांगतात.

इंजेक्शनचं ठरवण्याआधी रिपोर्टमध्ये काय बघायचं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि हाच कुणी विचारत नाही, सगळे थेट कुठलं इंजेक्शन चांगलं इथूनच सुरू करतात.

तीन गोष्टी विचारा. तुकडा जागेवर घट्ट आहे की सुटलाय? इजा किती मोठी आहे? खाली सिस्ट आहे का? १९५९ साली बर्न्ट आणि हार्टी यांनी या इजेच्या चार पायऱ्या मांडल्या त्या आजही डॉक्टर वापरतात: पहिल्या पायरीत हाड नुसतं दबलेलं, दुसरीत तुकडा अर्धवट सुटलेला, तिसरीत पूर्ण सुटलेला पण अजून जागेवर, चौथीत जागा सोडून सांध्यात फिरणारा. चौथ्या पायरीला, म्हणजे तुकडा मोकळा फिरतोय आणि घोटा अडकतोय अशा वेळी, कुठलंही इंजेक्शन त्या तुकड्याला परत चिकटवणार नाही, तिथं दुर्बिणीतून तो काढण्याची किंवा बसवण्याची चर्चा व्हायला पाहिजे. अशा पायात तीन तीन पीआरपी झालेले पेशंट येतात तेव्हा फार वाईट वाटतं, पैसे गेले त्याहून जास्त वेळ गेला याचं.

आणि आणखी एक. इजा ताजी, लहान आणि घट्ट असेल तर बऱ्याचदा इंजेक्शनची घाईच नसते. बूट किंवा प्लास्टर, काही आठवडे पायावर कमी वजन, मग व्यायाम, इतक्यावर बरेच पेशंट सुधारतात.

इंजेक्शननं गादी परत येते का, खरं सांगा.

नाही येत. आज घोट्यासाठी मिळणाऱ्या कुठल्याही इंजेक्शननं मूळची गुळगुळीत गादी परत उगवते असं सिद्ध झालेलं नाही. दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रं पाडण्याचं ऑपरेशन करतात, मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात त्याला, त्यातनंसुद्धा जी भरणी होते ती तंतुमय असते, मूळच्या गादीइतकी दणकट नसते. मग इंजेक्शन काय करतं? सूज कमी करतं, दुखणं कमी करतं, आणि त्या कमी दुखण्याच्या काळात तुम्हाला नीट चालता येतं, व्यायाम करता येतो. हा फायदा लहान नाही बरं का. महिनोन्महिने लंगडून पोटरी बारीक झालेल्या माणसाला सहा आठवडे न दुखता व्यायाम करायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त ते सहा आठवडे घरी बसून घालवले तर पुढं परत तेच.

स्टिरॉइडला इतकं वाईट का म्हणतात?

स्टिरॉइड सूज झपाट्यानं उतरवतं, काही दिवसांत आराम पडतो, औषध स्वस्त आहे, आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला जोरात सूज आलेली असेल तर एखाद्या वेळी ते द्यायला डॉक्टरांकडं चांगलं कारण असू शकतं. पण आराम टिकतो काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. भीती आहे ती वारंवार घेण्याची. अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या १४० लोकांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला, त्यात निम्म्यांना दर तीन महिन्यांनी असं दोन वर्षं स्टिरॉइड दिलं आणि निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. दोन वर्षांनी स्टिरॉइडवाल्यांची गादी जास्त झिजलेली होती, आणि दुखण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. अभ्यास गुडघ्याचा आहे हे खरं, पण ज्याच्या घोट्यात आधीच दीड मिलिमीटरची गादी आणि तीही फाटलेली, त्यानं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड घ्यावं असं मला तरी कधीच वाटणार नाही.

दोन गोष्टी अजून. पुढं ऑपरेशन होण्याची शक्यता असेल तर स्टिरॉइड घेतल्याचं सर्जनना आवर्जून सांगा, इन्फेक्शनच्या धोक्यामुळं ते ऑपरेशन पुढं ढकलतात, सहसा तीन महिने. आणि बधिर करायचं औषध स्टिरॉइडमध्ये मिसळून देतात त्यातलं ब्युपिव्हकेन गादीच्या पेशींना मारक आहे हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, रोपिव्हकेन त्या मानानं सौम्य. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

मला शुगर आहे. मग?

स्टिरॉइडनंतर काही दिवस शुगर चढते, कधीकधी बरीच चढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर आठवडाभर रोज तपासा, इन्सुलिन घेत असाल तर आधी तुमच्या फिजिशियनशी बोला. शुगर मुळातच हाताबाहेर असेल तर कुठलंही इंजेक्शन असो, आधी ती आटोक्यात आणा, सांध्यात इन्फेक्शन झालं तर फार महागात पडतं. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर तेही सांगा, कारण मग दुखणं नक्की गादीचंच आहे का याचाच विचार परत करावा लागतो.

जेल इंजेक्शन म्हणजे काय? गुडघ्यात देतात तेच का?

तेच. हायल्युरॉनिक ॲसिड. सांध्यातल्या पाण्यात ते मुळातच असतं, त्यानंच सांध्याला वंगण मिळतं, आणि इजा झालेल्या सांध्यात ते पातळ होतं, म्हणून बाहेरून भरायचं अशी कल्पना. अमेरिकेत याला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली ती गुडघ्यासाठी, घोट्यात जे देतात ते त्या मंजुरीच्या बाहेरचा वापर म्हणून देतात. म्हणजे बेकायदा असं नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देऊ शकतात, पण घोट्यासाठीचा पुरावा गुडघ्याइतका नाही हे पेशंटला सांगायला पाहिजे.

घोट्याच्या झिजेवर २०१२ साली एक अभ्यास आला, ६४ पेशंट, अर्ध्यांना एक जेल आणि अर्ध्यांना एक सलाईन, कुणाला काय दिलं ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. १२ आठवड्यांनी जेल सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही गटांत लोकांना थोडं बरं वाटलं. हे वाचून लोक निराश होतात पण लक्षात घ्या तिथं एकच डोस होता आणि ते पेशंट सगळ्या सांध्याच्या झिजेचे होते, एका जागी टवका उडालेले नव्हते. म्हणजे जेल अजिबात उपयोगाचं नाही असं मी म्हणणार नाही, पण नक्की उपयोग होईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यालाही आधार नाही.

काही ब्रँडचं जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काहींचं जिवाणूंपासून तयार करतात. अंडं किंवा चिकनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

पीआरपी आणि जेल यात चांगलं कुठलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॅलसच्या याच इजेवर दोघांची थेट तुलना करणारा एक अभ्यास इस्रायलमध्ये झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ६० वयाचे ३२ पेशंट घेतले, एका गटाला जेल, दुसऱ्याला पीआरपी, लागोपाठ तीन तीन इंजेक्शनं, आणि २८ आठवडे बघितलं. दोन्ही गट सुधारले, पीआरपीचा गट जास्त सुधारला. पीआरपी सुचवणारे डॉक्टर बहुतेक वेळा याच अभ्यासाचं नाव घेतात आणि त्यात चूक काही नाही. पण पेशंट थोडे होते, आणि नुसतं सलाईन दिलेला तिसरा गट नव्हता. तो गट का लागतो? कारण सांध्यात सुई टोचून काहीही दिलं तरी बऱ्याच लोकांना काही महिने बरं वाटतं, शिवाय काही इजा काळाबरोबर आपोआपही थोड्या शांत होतात. मग औषधाचा वाटा किती आणि बाकीचा किती हे सलाईनशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

ती तुलना नेदरलँड्समध्ये झाली, पण घोट्याच्या झिजेवर. १०० पेशंट, सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं, पीआरपी नाहीतर सलाईन. २०२१ मध्ये निकाल आला. २६ आठवड्यांनी १०० पैकी गुणांच्या मोजपट्टीवर पीआरपीवाले १० गुणांनी सुधारले आणि सलाईनवाले ११ गुणांनी. म्हणजे म्हणावा असा फरक नाहीच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेवर २८८ लोकांचा असाच अभ्यास झाला, तिथंही वर्षभरानं पीआरपी सलाईनपेक्षा पुढं गेली नाही.

आता या सगळ्यातनं मी काय समजते ते सांगते. तुमचा घोटा वयानं किंवा जुन्या फ्रॅक्चरमुळं सगळाच झिजलेला असेल तर पीआरपीवर मोठी रक्कम खर्च करायला मी सुचवणार नाही. तुम्ही तरुण आहात, एका जागची लहान इजा आहे, तुकडा घट्ट आहे, बूट आणि व्यायाम नीट तीन-चार महिने करूनही दुखतंय आणि ऑपरेशन टाळून बघायचंय, तर पीआरपी करून बघायला हरकत नाही, जेलपेक्षा तिचं पारडं थोडं जड आहे, पण खात्री नाही हे समजून. आणि त्यासाठी कर्ज काढू नका. अजिबात काढू नका.

पीआरपी करतात कशी? सगळीकडं सारखीच असते का?

हातातून तुमचंच रक्त काढतात, ते सेंट्रिफ्यूज मशिनमध्ये फिरवतात, लाल पेशी खाली बसतात आणि प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा काढून सांध्यात देतात. आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, पीआरपीमध्ये त्या काही पटीनं जास्त असायला पाहिजेत. पण सारखी अजिबात नसते. किट वेगळं, फिरवण्याचा वेग वेगळा, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या ते वेगळं, त्यामुळं शेजाऱ्याला फायदा झाला म्हणून तुम्हाला मिळतंय ते तेच आहे असं समजू नका. सांध्यासाठी बरेच डॉक्टर पांढऱ्या पेशी कमी असलेली पसंत करतात, इंजेक्शननंतरची आग त्यानं कमी होते असं म्हणतात. विचारा: किट कुठलं, पांढऱ्या पेशी कमी की जास्त, प्लेटलेट मोजता का, आणि सोनोग्राफीत बघून देणार का. घोट्याचा सांधा अरुंद आहे, त्यात मावतं दोन-तीन मिली, सुई नेमकी आत गेली की नाही हे बघून दिलेलं केव्हाही बरं.

आधी साधारण आठवडाभर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायला सांगतात कारण त्या प्लेटलेटच्या कामात आड येतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी हार्टसाठी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका! हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बिलकूल नाही. नंतर दोन-तीन दिवस घोटा जास्त दुखतो, त्याला पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर थोडा बर्फ.

स्टेम सेल इंजेक्शननं ऑपरेशन टळतं असं व्हिडिओत बघितलं.

इथं मी स्पष्ट लिहिते कारण लोक फसतात. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यानुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोग समजला जातो, तो नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचा, आणि चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीच्या स्टेम सेल औषधाला देशाच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, पण ती गुडघ्याच्या झिजेसाठी. घोट्यासाठी नाही. तेव्हा कुणी घोट्याच्या गादीसाठी लाखभर रुपयांचं पॅकेज सांगत असेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

कमरेच्या हाडातून मगज काढून, तो घट्ट करून त्याच वेळी देतात, ती वेगळी गोष्ट. ती बहुतेक ऑपरेशनबरोबर वापरतात. त्यानं भरणी एमआरआयवर जरा चांगली दिसते असं काही अभ्यासांत आलंय, पण पेशंटच्या चालण्या-दुखण्यात ठळक फरक दिसतोच असं नाही. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींचा पुरावा तर त्याहून कमी.

ऑपरेशन झालंय, आता वर पीआरपी घ्यायची का?

इथं पीआरपीची बाजू जरा बरी आहे. तुर्कस्तानात मायक्रोफ्रॅक्चर झालेल्या ४० पेशंटचे तीन गट करून कुणाला पीआरपी, कुणाला जेल, कुणाला सलाईन दिलं, २०१५ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, त्यात पीआरपीचा गट सगळ्यात पुढं होता आणि जेलवालेही सलाईनवाल्यांपेक्षा बरे होते. परत तेच, संख्या लहान. पण सलाईनशी तुलना केलेली आहे. सर्जन सुचवत असतील आणि खर्च झेपत असेल तर विचार करण्यासारखं.

आणि इजा मोठी असेल, साधारण १५ मिलिमीटर किंवा जास्त, तर नुसत्या छिद्रांच्या ऑपरेशनचा निकाल तितका चांगला येत नाही. मग गुडघ्यातून गादीसकट हाडाचा तुकडा काढून बसवणं वगैरे पर्याय येतात, ते पायाच्या कामात मुरलेल्या सर्जनकडंच करावं.

माझं पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलंय, इंजेक्शन घेऊन पळू का?

नको. तुझ्यासारखी पोरं पहाटे पाचला पार्क मैदानावर घाम गाळतात, घरच्यांनी किती आशा ठेवलेली असते, सगळं दिसतं मला. पण स्टिरॉइडनं दुखणं दबलं म्हणजे इजा गेली असं होत नाही, दुखत नाही म्हणून तू १६०० मीटर जीव तोडून पळणार, आणि अर्धवट सुटलेला तुकडा पूर्ण सुटणार. दुखणं हा इथं उपयोगी इशारा आहे, तो बंद करून पळू नकोस. पीआरपी घेतली तरी पळायला सुरुवात व्हायला आठवडे लागतात, आधी चालणं, मग एका पायावर तोल, मग एका पायावर टाच उचलणं, मग उड्या, मग हळू पळणं, आणि प्रत्येक पायरीला दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजला नाही तरच पुढची.

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असशील तर हेही ऐक. जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या नियमात १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंदीत येतं, सांध्यातलंसुद्धा. पीआरपीवर २०११ पासून बंदी नाही. कोचला आणि डॉक्टरला दोघांनाही आधी सांग.

कारखान्यात बारा तास उभं राहावं लागतं, विश्रांती कशी घेणार?

पूर्व भागातनं येणाऱ्या प्रत्येक यंत्रमाग कामगाराचा हा प्रश्न असतो आणि याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. सुट्टी घ्या म्हणणं सोपं आहे, पगार कोण देणार. म्हणून जमेल तेवढं तरी करा. मालकाला किंवा मुकादमाला सांगून काही आठवडे बसून करायचं काम मिळतं का बघा, कांड्या भरणं, चादरींच्या घड्या, पॅकिंग. स्लीपर घालून मागावर उभं राहू नका, घोट्याला धरून ठेवणारा बूट आणि लेस असलेला ब्रेस घाला. दर तासाला दोन मिनिटं बसा. पाळी संपल्यावर पाय उशीवर उंच.

विडी वळायला मांडी घालून तासन् तास बसणाऱ्या बायकांचं वेगळं असतं. मांडी घातली की घोट्याचा बाहेरचा भाग फरशीवर दाबला जातो आणि पाऊल आत वळलेलं राहतं, नेमकं ज्या दिशेला मुरगळलं त्याच दिशेला. मावशी, अक्का, पाय समोर सरळ ठेवून किंवा बुटक्या स्टुलावर बसून सूप मांडीवर घ्या, सुरुवातीला हात चालत नाही, आठवड्यात सवय होते.

व्यायाम इंजेक्शन घेतलं असो वा नसो लागतातच. भिंतीकडं तोंड करून गुडघा भिंतीला लावायचा, टाच उचलायची नाही, यानं घोट्याची वाकण्याची हालचाल परत येते. रबर बँड लावून पाऊल बाहेर ढकलायचं, यानं मुरगळणं थांबवणारे स्नायू तयार होतात. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, भाकरी भाजता भाजता होतं हे. यातलं काहीही करताना खोल ठणका लागला तर थांबा आणि विचारा. आणि वजन, तेही बोलायलाच पाहिजे, चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, चार-पाच किलो कमी झाले तरी घोट्याला कळतं. तंबाखू-सिगारेट इजा भरून येण्याच्या आड येते, तंबाखू मळणं तेवढं सोडा.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला पीआरपी द्यायची का?

बहुतेक वेळा गरज पडत नाही. वाढ चालू असलेल्या हाडांत ही इजा मोठ्यांपेक्षा चांगली भरते. काही महिने खेळ बंद, गरजेप्रमाणं बूट, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत एमआरआय. मुलांच्या हाडांचं काम बघणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना एकदा दाखवा.

हे सोलापुरात होतं की पुण्याला जायचं? खर्च किती?

स्टिरॉइड, जेल, पीआरपी यासाठी पुणे-हैदराबाद गाठायची गरज नाही, इथं होतं. ठरत नसेल, दोन डॉक्टरांची दोन मतं असतील, तर एमआरआयची सीडी घेऊन सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या ऑर्थो ओपीडीत दाखवा, सकाळी लवकर जा, गर्दी असते. रिपोर्टचा कागद पुरत नाही, सीडीच लागते, हे लोक विसरतात आणि हेलपाटा पडतो. मोठी इजा आणि गादी बसवायचं ऑपरेशन असेल तर मात्र पुण्या-मुंबईचं एक मत जरूर घ्या.

खर्चाचा आकडा लिहीत नाही कारण दवाखान्यागणिक बदलतो. स्टिरॉइड सगळ्यात स्वस्त, जेल आणि पीआरपी हजारांत. एका इंजेक्शनचा भाव सांगितला तर एकूण किती घ्यायची ते विचारा, किट, सोनोग्राफी आणि फी यातच की वेगळी तेही विचारा, कागदावर लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च नसेल तर सहसा पैसे परत मिळत नाहीत, आधी फोन करून विचारा.

हाडवैद्याकडं घोटा ओढून घेतला तर?

तुकडा अर्धवट सुटलेला असेल तर ओढण्या-मुरगाळण्यानं तो पूर्ण सुटू शकतो. एमआरआय होईपर्यंत तरी कुणालाही घोटा ओढू देऊ नका, जोरात मालिशही नको.

इंजेक्शन घेतलं आणि आता घोटा सुजलाय. थांबू की जाऊ?

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, ताठरपणा, ठणका हे चालतं, पीआरपीनंतर तर हमखास. स्टिरॉइडनंतरही एक-दोन दिवस दुखणं वाढून मग उतरतं. सुईच्या जागी कातडी पांढुरकी पडली तर घाबरू नका, पुढच्या भेटीत दाखवा.

पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी दिवसागणिक वाढतंय, घोटा लाल आणि गरम झालाय, ताप किंवा थंडी वाजतेय, पाय टेकवतच नाही, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. सांध्यात इन्फेक्शन हजारोंत एखाद्याला होतं, पण झालं तर गादीचं नुकसान दिवसांत होतं. रात्र असली तरी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा, ते नाही भेटले तर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि कुठलं इंजेक्शन कधी घेतलं ती चिठ्ठी सोबत न्या. आधी घरातली अँटिबायोटिक गोळी खाऊन जाऊ नका, कारण सांध्यातलं पाणी काढून तपासायचं असतं आणि गोळीमुळं त्या तपासणीत जंतू सापडत नाहीत.